कमरेइतकी खिडकी

१९८३ सालची गोष्ट. बल्गेरियातल्या आमच्या गिरणीच्या गावात दवाखान्याच्या कचेरीची खिडकी कमरेच्या उंचीवर होती. ती तशी का केली, हे कुणी विचारलं नाही. आलेल्या माणसाने कमरेत वाकायचं, मान तिरकी करून त्या भोकात बोलायचं आणि मागच्या रांगेने त्याची पाठ बघत फिदीफिदी हसायचं. आत बसलेल्या वेनेताबाईंना माणसाची फक्त हनुवटी दिसे.

झ्लातकाचा नवरा त्सानको रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला होता. दोन डब्यांत चेंगरल्यापासून त्याची पाठ फळीसारखी ताठ झाली होती. त्यात हृदयाचं दुखणं. गोळ्या मिळायला वहीवर दर महिन्याला शिक्का लागे आणि त्यासाठी रोग्याने स्वतः यावं असा नियम होता. जुना कारकून उठून दारात येई आणि शिक्का मारून देई. तो निवृत्त झाला आणि वेनेताबाई आल्या.

ऑक्टोबरात त्सानको शिक्क्याशिवाय परतला. नोव्हेंबरात झ्लातका सोबत गेली. बाटलीत चारच गोळ्या उरल्या होत्या.

"बाई, याला वाकता येत नाही हो," ती खिडकीत म्हणाली. "जरा बाहेर येता का?"

"मी काय मोलकरीण आहे? सगळं गाव वाकतं, त्याचीच कंबर सोन्याची?"

रांगेत कुणीतरी खिंकाळलं. झ्लातकाने नवऱ्याची बाही ओढली.

"म्हाताऱ्या, गुडघे टेक. काय जातंय? दोन मिनिटांचं काम."

"इथे? या खिडकीतल्या पोरीसमोर?"

"माझ्यासाठी टेक."

त्सानकोने भिंतीला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा. रांगेतला मेतोदी न्हावी ओरडला, "अरे त्सानको, देवळात कधी गेला नाहीस, अन् इथे साष्टांग!" सगळे हसले. झ्लातकाही हसली, ओशाळून.

"वही दे," आतून आवाज आला. वही आत गेली. मग कपबशी वाजली. "कॉफी घेते. थांब तसाच."

खिडकीची फळी पडली. उठून पुन्हा टेकणं त्सानकोला जमणारं नव्हतं, म्हणून तो तसाच राहिला. पंचवीस मिनिटं. फळी उघडली तेव्हा शिक्का मिळाला, पण तो कुणाकडेही बघेना. वाटेत तो एकदाच बोलला.

"यापुढे नाही, झ्लातका."

डिसेंबरात तो गेला नाही. तिने विनवण्या केल्या, रडली, भांडली. जानेवारीत गोळ्या संपल्या. फेब्रुवारीत, सकाळी बूट घालता घालता, तो गेला.

मृत्यूच्या दाखल्यासाठी झ्लातका त्याच खिडकीशी आली, स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन. खिडकीसमोर स्टूल ठेवून ती बसली, आणि तिचा चेहरा वेनेताबाईंच्या चेहऱ्यासमोर आला. इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

"हे काय? उठा! ही काय खानावळ आहे?"

"बसूनच बोलणार, बाई. तुम्हीही बसलाच आहात."

"शिक्का मिळणार नाही."

"मग बसते."

मागून आवाज आले, "अगं ए म्हातारे, आमचा खोळंबा होतोय!" "दाखला घे आणि जा ना, वाकल्याने मरतेस का?"

झ्लातका वळली. "मेला तो," ती म्हणाली. "तुम्ही हसत होतात. मीही हसले."

कचेरी बंद होईपर्यंत ती बसली. शेवटी वेनेताबाईंनी न बघता दाखला सरकवला.

वेनेताबाई पुढे कचेरीच्या प्रमुख झाल्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांना फुलं आणि मानपत्र मिळालं. मेतोदी न्हावी मुलाकडे राजधानीत गेला. झ्लातका आणखी अकरा वर्षं जगली. नवऱ्याला गुडघे टेकायला लावलं, हे ती भेटेल त्याला आपणहून सांगे, आणि ऐकणारा घाईत असे. खिडकी पुढे बुजवली. आम्ही रांगेतले अजून आहोत, कमी होत चाललोय. त्सानकोच्या दाखल्यावर मरणाचं कारण लिहिलंय, हृदयविकार. खाली शिक्का आहे, अगदी स्वच्छ उमटलेला.