साच्यातला गाल

आ-थुंगने साच्यातून निघालेलं पहिलं पदक पँटला पुसलं आणि दोन्ही हातांनी मालकीणबाईंपुढे धरलं. पितळेवर थोरल्या मालकांचा चेहरा उमटला होता. ते जाऊन वर्ष होत आलं होतं आणि वर्षश्राद्धाला येणाऱ्या गिऱ्हाइकांना ही पदकं द्यायची, असं त्यांच्या मुलाने, ची-युआनने, ठरवलं होतं. सगळं थायचुंग शहर मिठाईचे डबे वाटतं. साचे बनवणाऱ्यांनी तरी जरा टिकाऊ काही वाटावं, असा त्यामागे विचार.

मालकीणबाईंनी पदकावरून अंगठा फिरवला. कपाळ, नाक, गाल. मग पुन्हा गाल.

"यांचा मस कुठे गेला?"

डाव्या गालावरचा तो मस थोरल्या मालकांनी उभा जन्म जपला होता. त्यातून उगवलेले लांब केस कापायची न्हाव्याला बंदी होती. कारखान्याची भरभराट या केसांना लटकलेली आहे, असं ते गिऱ्हाइकांना गंभीरपणे सांगत, आणि गिऱ्हाइकं तितक्याच गंभीरपणे मान डोलवत.

आ-थुंगचे कान तापले. संगणकावरचं मॉडेल त्यानेच साफ केलं होतं. पुतळ्याच्या स्कॅनमधून आलेला आकार साच्यासाठी उलटा करून धातू कोरणाऱ्या कटरच्या हवाली करण्याआधी भेगा बुजवायच्या, कटरच्या टोकाहून बारीक फोड-खळगे पुसून टाकायचे, नाहीतर कटर तिथेच घुटमळत बसतो. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. साच्याच्या गालावरचा खळगा त्याने पाहिला होता, 'कसली घाण स्कॅन केलीय' असं पुटपुटला होता आणि पुसून मोकळा झाला होता. मिसरूड फुटल्यापासून ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांचा चेहरा सबंध सकाळ त्याच्यासमोर होता. त्याला दिसला तो खराब पृष्ठभाग.

"थुंगदादा, हे कसं काय?" ची-युआनने विचारलं.

"स्कॅनच तशी आली." जीभ परस्पर बोलून मोकळी झाली.

"वाटलंच मला! त्या स्कॅनवाल्या पोरीला बजावलं होतं, बाबांचा पुतळा आहे, वॉशिंग मशीनचं झाकण नाही. थांबा, तिच्या साहेबालाच लावतो फोन. उद्यापासून बसू दे घरी."

तो फोन काढत अंगणात गेला.

मालकीणबाई स्टूल ओढून आ-थुंगच्या संगणकाशी बसल्या.

"जाऊ दे रे. मशीनला काय कळतंय त्यांचं तोंड? तुझ्या नजरेला पडला असता तर तू सोडला असतास होय? चल, तूच बसव आता. फोटोबिटो नको. तुझ्या तर डोळ्यांसमोर असेल."

मूळ स्कॅन त्याच संगणकात होती, मसासकट. ती आता उघडायची सोय त्याने ठेवली नव्हती. त्याने पदकाचा सुलटा चेहरा पडद्यावर आणला, तळहात पँटला पुसला आणि गालावर एक बारीकसा उंचवटा ठेवला. शोधावं लागलं नाही. जिथून पुसला होता, हात तिथेच गेला.

मालकीणबाईंचं नाक पडद्याला टेकायचं तेवढं राहिलं. लग्न होऊन आल्यापासून डोळे अधू होईपर्यंत इथले साचे त्यांनीच घासून चकचकीत केले होते.

"हा उजवा गाल झाला, आ-थुंग."

त्याने पडद्यावरचा उंचवटा पुन्हा पाहिला.

"साच्यात सगळं उलटं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "साच्यात मात्र मस इथेच दिसला असता."

आ-थुंगने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. बाहेर ची-युआनचा आवाज चढला होता. फोन त्या पोरीकडेच दिला गेला असावा, कारण तो मध्येच थांबून म्हणाला, "रडायचं नाटक माझ्यापाशी नको."

मालकीणबाई स्टूलवरून उठल्या. उठताना त्यांनी आधाराला आ-थुंगचाच खांदा धरला, आणि उठून झाल्यावरही सोडला नाही.

"जेवूनच जा. डुकराचं मांस शिजायला ठेवलंय, सोया घालून."

"हो."

"आणि ऐक." त्या दाराकडे बघत होत्या. "ची-युआनचा फोन अजून चालू आहे."