इटलीच्या अलीकडे

हरीश टिपणीस इंग्लंडात येऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, पण त्यांनी भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. लंडनच्या पिनर उपनगरात ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही असं होऊ नये, याची ते काळजी घेत. मंडळात हळदीकुंकू असो की बॅडमिंटन, बोलता बोलता ते पासपोर्टावर येत. "निळा आहे माझा," ते म्हणत. "मरेपर्यंत निळाच राहणार."

बायकोला, वैजयंतीला, मात्र त्यांनीच लाल ब्रिटिश पासपोर्ट घ्यायला लावला होता. घरात एकाचा तरी असलेला बरा, व्यवहार म्हणून. मीनल आणि रवी ही मुलं इथेच जन्मलेली, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. अशा रीतीने घरातला व्यवहार तिघांकडे आणि देशप्रेम एकट्या हरीशरावांकडे आलं होतं. हीथ्रोवर उतरलं की तिघं दोन मिनिटांत बाहेर पडत आणि देशप्रेम रांगेतून सुटेपर्यंत बॅगांपाशी उभी राहत.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांनी इटलीचा समुद्रकिनारा ठरवला. स्वित्झर्लंडला मंडळातले सगळेच जाऊन आले होते. बोर्दिगेरा नावाचं गाव कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं, आणि हरीशरावांना तेच हवं होतं. पेपरातली जाहिरात बघून त्यांनी तिथल्या एका घराचा वरचा मजला दोन आठवड्यांसाठी घेतला. जायचं गाडीने. फ्रान्सचा व्हिसा काढला.

"आणि इटलीचा?" वैजयंतीने विचारलं.

"एकच लागतो आता. शेंगेन म्हणतात त्याला. फ्रान्सचा घेतला की सगळा युरोप मोकळा."

"इटलीच्या कॉन्सुलेटला एक फोन करून बघा ना."

"वैजू, मी पेपर वाचतो."

वैजयंती एका ऑप्टिशियनकडे कामाला होती. समोरच्याला दिसतंय की तो नुसतंच दिसतंय म्हणतोय, हे तिला चटकन कळायचं. पण घरात तिने हे कौशल्य वापरणं केव्हाच सोडून दिलं होतं.

सबंध फ्रान्स हरीशरावांनी एकट्याने गाडी हाकली. वैजयंतीलाही गाडी येत होती, पण तिची गाडी शाळा आणि सेन्सबरीजच्या दुकानापुरती, असं त्यांचं मत होतं. रविवारी दुपारी मॉन्तों हे फ्रान्सच्या टोकाचं गाव मागे टाकून ते समुद्राकाठच्या चौकीवर पोचले. पुढे इटली. इटालियन पोलिसाने तीन लाल पासपोर्ट न उघडताच परत दिले. निळा मात्र त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला, मग शेवटाकडून पहिल्यापर्यंत.

"व्हिसा?"

हरीशरावांनी फ्रान्सचा व्हिसा दाखवला आणि शेंगेन कराराबद्दल त्याला थोडक्यात माहिती दिली. पोलिसाने शांतपणे ऐकून घेतलं.

"इटलीने सही केली आहे," तो तुटक इंग्रजीत म्हणाला. "पण अजून सुरू नाही. कदाचित पुढच्या वर्षी."

"मी पुढच्या वर्षीपर्यंत इथे थांबू?"

"तुम्ही फ्रान्समध्ये थांबा," पोलीस म्हणाला. "फ्रान्स छान आहे."

मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. पोलिसाने तिघांकडे बोट करून पुढे जायची खूण केली आणि हरीशरावांना मागची दिशा दाखवली.

"ठीक आहे," हरीशराव गाडीत म्हणाले. "आपण परत जाऊ. सगळेच."

मग मागून मीनल म्हणाली, "पण बाबा, तुमची पासपोर्ट चालत नाही. आमची चालते."

"तुमचा, मीनल. पासपोर्ट तो," हरीशराव म्हणाले, आणि वरच्या साहेबाला भेटायला गाडीतून उतरले.

वरचा साहेब जेवायला गेला होता. हरीशराव परत आले तेव्हा त्यांची बॅग रस्त्याच्या कडेला उभी होती आणि वैजयंती स्टिअरिंगवर बसली होती.

"हे काय?"

"अहो, घर घेतलंय ना आपण. घरमालकीण किल्ली घेऊन वाट बघत असेल." ती समोर बघत होती. "तुम्ही मॉन्तोंला हॉटेल घ्या. उद्या नीसला, इटलीच्या कॉन्सुलेटात जाऊन व्हिसा काढा आणि या."

"तुला इथे चालवता येणार नाही."

"बघते," ती म्हणाली. कुकर मागे आहे, हवा आहे का, असंही तिने विचारलं. हरीशराव बॅग उचलून बाजूला झाले, तेव्हा तिने हलकेच गाडी पुढे घेतली. पहिल्या वळणावर ती स्टिअरिंगवर इतकी पुढे झुकली की रवीने टेप बंद केला. तिसऱ्या वळणाच्या पुढे तिनेच तो लावायला सांगितला.

सोमवारी नीसला हरीशरावांना कळलं की इंग्लंडात राहणाऱ्याने इटलीचा व्हिसा इंग्लंडातच काढायचा असतो. त्यांनी तिथेही एक लहानसं भाषण केलं. नंतर ते मॉन्तोंच्या हॉटेलात परत आले आणि तिथेच राहिले. किनाऱ्यावर बसलं की उजवीकडे फ्रान्स आणि डावीकडे, उन्हात चमकणारं, बोर्दिगेराचं टोक. ते उजवीकडे तोंड करून बसत.

सुरुवातीला वैजयंती मुलांना घेऊन रोज जेवायला येई. हरीशराव रोज विचारत, गाडी कुठे लावता, पाणी कुठलं पिता, मीनल हे असले कपडे घालून फिरते का. नंतर ती एक दिवसाआड येऊ लागली. मग एकदा रवीने सकाळी विचारलं, "आज पण जायलाच पाहिजे का?" आणि वैजयंतीने किंचित विचार करून, नको, असं सांगितलं. त्या दिवशी ती गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत आणि शेवटी गळ्यापर्यंत समुद्रात गेली. दुपारी तिघांनी भाकरीसारखी जाड पोळी, टोमॅटो आणि चीज खाल्लं आणि भांडी न घासता झोपून गेली. हे सगळं इतकं सोपं होतं, याचा तिला थोडा रागच आला.

दुसऱ्या शुक्रवारी ती मुलांबरोबर व्हेंतिमिल्याच्या बाजारात गेली. सरहद्दीलगतचं गाव, फ्रान्सकडूनही लोक खरेदीला येतात. चपलांच्या एका गाड्यापाशी रवी थबकला.

"आई, बाबा."

हरीशराव एका इटालियनाशी कमरेच्या पट्ट्यावरून घासाघीस करत होते. शर्टावर टूर कंपनीचा गोल स्टिकर होता आणि त्यात इवलासा ब्रिटिश झेंडा. वैजयंतीला बघून त्यांनी पट्टा खाली ठेवला.

"तुम्ही? कसे आलात?"

"आलो," ते म्हणाले. "मार्ग निघतात."

हा मार्ग कसा निघाला, ते त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या डोरीनबाईंनी सांगितलं. त्या इंग्लंडातल्या ईस्टबोर्नहून पेन्शनरांच्या टूरबरोबर आल्या होत्या आणि त्याच हॉटेलात उतरल्या होत्या. हॅरी बिचारा रोज रात्री एकटा जेवतो, म्हणून त्यांनीच त्याला आपल्या बसमध्ये घेतलं.

"चौकीवर एक पोलीस चढला," डोरीनबाई म्हणाल्या, "आणि विचारलं, सगळे ब्रिटिश ना? आम्ही सगळे हो म्हणालो. पण तो हॅरीपाशीच थांबला. आम्हाला इतकं वाईट वाटलं. तू सुद्धा का, असं त्यालाच एकट्याला विचारलं. आणि हॅरी काय आवाजात म्हणाला, माहीत आहे? ब्रिटिश. फ्रॉम पिनर. सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या."

वैजयंती नवऱ्याकडे बघत राहिली. हरीशराव चपला बघत होते.

"बाबा ब्रिटिश झाले?" रवीने हळूच विचारलं.

"बस परत जाईपर्यंत," मीनल म्हणाली.

"पिनर तर खोटं नाही," वैजयंती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आता आलाच आहात तर चला घरी. गाडी पलीकडेच आहे. दोन दिवस राहाल, समुद्र बघाल."

हरीशरावांनी खरोखर विचार केला, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. क्षणभर ते तिच्या समुद्रात भिजलेल्या केसांकडे बघत होते. पण मग त्यांनी स्टिकरवर हात ठेवला.

"बसमध्ये माणसं मोजतात," ते म्हणाले. "एक कमी भरला तर चौकशी होईल. पासपोर्ट बघतील."

"कम अलाँग, हॅरी," डोरीनबाई म्हणाल्या, आणि ते गेले.

रविवारी सकाळी तिघं त्यांना मॉन्तोंच्या हॉटेलातून घ्यायला आली. हरीशराव बॅग घेऊन फुटपाथवर उभे होते. बॅग मागे ठेवून ते सवयीने उजव्या दाराशी आले. वैजयंती उतरली नाही. मग ते गाडीला वळसा घालून डावीकडे बसले आणि मांडीवर नकाशा उघडला.

इंग्लंडची गाडी फ्रान्सच्या रस्त्यावर उजव्या बाजूने चालली की समोरून वाहन येतंय का ते डावीकडे बसलेल्यालाच दिसतं. मॉन्तोंच्या बाहेर, डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर, त्यांच्यापुढे चाकांवरच्या घरासारखी एक डच कॅरॅव्हॅन लागली. ती बैलगाडीच्या चालीने निघाली होती.

"मोकळा आहे का हो रस्ता?" वैजयंतीने विचारलं.

हरीशरावांनी मान बाहेर काढली. "थांब," ते म्हणाले.

जरा वेळाने तिने पुन्हा विचारलं. "थांब, घाई नाही." असे तीन डोंगर गेले. एकदा तर समोर कुठवर तरी सरळ रिकामा रस्ता दिसत असताना ते म्हणाले, "नको, वळण असेल."

त्यांच्या मागच्या सीटवर मीनल होती. तिने खिडकीची काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. वाऱ्याने तिचे केस उडाले.

"आई, रोड क्लिअर आहे," ती म्हणाली. "जा."

वैजयंतीने गिअर बदलला आणि गेली.