चार फुटांतला बेदाणा

ऐन मार्चात बेदाण्याचं शेड रिकामं असलं की जीव कसा होतो, ते कुंडलच्या अकिलाला विचारा. गावातली झाडून सगळी शेडं वाळवायच्या द्राक्षांनी गच्च भरलेली, आणि हिच्या जाळीच्या रॅकवर चिमण्या खेळत होत्या.

आणि हे सगळं कुणामुळं, तर शेजारच्या तवनाप्पाअण्णांमुळं! आठ वर्षांपूर्वी अकिला आणि तिचा नवरा इलाही यांनी शेड उभं केलं, तेव्हा मोजायच्या टेपचं दुसरं टोक अण्णांनीच धरलं होतं. "बांध बिनघोर," असंही तेच म्हणाले होते. मग मध्येच पाण्याच्या पाळीवरून इलाहीशी वाजलं, अण्णांनी रागानं सरकारी मोजणी आणली, आणि शेडाची पश्चिमेची कड चार फूट त्यांच्या रानात निघाली. घ्या! अण्णांनी दावा लावला, दोन वर्षं बोलणं बंद, आणि शेवटी खालच्या कोर्टाचा हुकूम झाला, की चार फूट काढून घ्या. पण चार फूट म्हणजे काय भाकरीचा तुकडा आहे, मोडून घ्यायला? त्याच चार फुटांत लोखंडी खांबांची अख्खी ओळ होती. ती उपटली की छप्पर खाली, आणि छपरासोबत लोकांची द्राक्षं वाळवून द्यायचा अकिलाचा धंदाही खाली.

तिनं सांगलीच्या जिल्हा कोर्टात अपील केलं. तिला वाटलं, आता कोण शेडाला हात लावतो बघूच! वकील प्राची मॅडमनी तिला भानावर आणलं. "नुसत्या अपिलानं हुकूम थांबत नाही हो. त्याला वेगळी स्थगिती घ्यावी लागते. मिळाली, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत शेड उभं राहील. नाही मिळाली, तर पुढच्या शुक्रवारी कोर्टाचा बेलिफ शेड पाडायला दारात."

पहिल्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, की आत्ता कड पाडली तर भरून न येणारं नुकसान काय होणार? अण्णांचे वकील टुणकन उठले. "काहीच नाही, साहेब. शेड रिकामं आहे. यंदा एक घड टाकलेला नाही." ते खरंच होतं. पण पाडायचा हुकूम असलेल्या शेडात माल टाकायला लोक काय खुळे आहेत? स्टे नाही म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून स्टे नाही! साहेबांनी मंगळवारची तारीख दिली. तोवर अकिला दारोदार फिरली, पण एक क्रेट कुणी दिलं नाही.

मंगळवारी कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर ती तोंड पाडून बसली होती. समोरच्या बाकावर अण्णा, पांढऱ्या टोपीत, ताठ. मागच्या तारखेला भर कोर्टात त्यांचा मोबाइल आरती म्हणायला लागला होता, त्यावरून पट्टेवाल्यानं झापलं, म्हणून आज त्यांनी गेटातच फोन बंद केला होता. एवढ्यात अकिलाचा फोन वाजला. इलाही होता.

"अगं, अक्का आल्यात शेडावर."

पद्मावतीअक्का म्हणजे अण्णांची बायको. "भांडायला?"

"न्हाई गं, द्राक्षं घिऊन! दोनशे क्रेट. पहाटंपास्नं तोडल्यात, आन जितं जागा धरली हुती त्या शेडवाल्यानं ऐनवेळी दुसऱ्याचा माल घेतला. गावात एक रॅक मोकळं न्हाई. अण्णांचा फोन लागंना. अक्का म्हणत्यात, अकिला व्हय म्हणली तरच उतरवते. ऊन लय चढलंय. सांग, घिऊ का नगो?"

खोटं कशाला बोला, अकिलाला आधी आनंदच झाला. सडू देत! कोर्टकचेऱ्या करतोस काय! पण हीच अक्का, केस चालू असताना, अकिलाची लेक अर्फा बाळंत झाली तेव्हा नवऱ्याच्या नकळत बांधावरून डिंकाच्या लाडवांचा डबा देऊन गेली होती. आता ती ट्रॅक्टरपाशी पदरानं घाम पुसत उभी असेल, हे अकिलाला दिसलं आणि तिचा राग पार विरघळला.

"घे की! इचारतोस काय? आन ऐक, पश्चिमंच्या कडंला टाक. सगळा माल तितंच. आन फोटो पाठीव."

"तितं? ती तर भांडणाची बाजू!"

"म्हणूनच."

पाच मिनिटांत फोटो आला. खांबांच्या ओळीला लागून क्रेटांची थप्पी, आणि प्रत्येक क्रेटवर लाल रंगात ठसठशीत 'त. पा. चौ.' म्हणजे तवनाप्पा पायाप्पा चौगुले. प्राची मॅडमना हसू आवरेना. "आणा तो फोन. साहेबांपुढं ठेवते. त्यांच्या वकिलांचं तोंड बघायचंय मला!"

"थांबा मॅडम," अकिला म्हणाली. "अक्कांनी माझ्या भरवशावर माल उतरवलाय. हितं चारचौघांत अण्णांची फजिती झाली, तर घरी अक्कांनाच ऐकून घ्यावं लागंल. आधी मी अण्णांना दाखवते."

"अहो, त्यांनी एक फोन करून माल परत उचलला तर? हातातला स्टे जाईल तुमचा!"

"गेला तर गेला," अकिला म्हणाली आणि फोन घेऊन समोरच्या बाकापाशी गेली.

"अण्णा."

अण्णांनी मान फिरवली. "काय असंल ते वकिलाशी बोल."

"वकिलाला द्राक्षातलं काय कळतंय? ह्ये बघा."

अण्णांनी चष्मा सारखा केला. फोन जवळ धरला, लांब धरला. "ह्ये शेड कुणाचं?"

"माझं."

"आन क्रेट?"

"तुमीच वाचा की."

अण्णांनी घाईघाईनं स्वतःचा फोन चालू केला. बायकोचे अकरा मिस्ड कॉल! त्यांनी फोन लावला, आणि पुढची दोन मिनिटं पलीकडून अक्का बोलत होती आणि अण्णा नुसतं "बरं, बरं" करत होते. फोन ठेवून ते काही बोलणार, तोच पुकारा झाला.

आत अण्णांचे वकील नेहमीच्या तोऱ्यात उभे राहिले. "साहेब, मी मागंच सांगितलं, शेड रिकामं..."

"रिकामं न्हाई!" मागून अण्णा ओरडले.

न्यायाधीशांनी मान वर केली. "तुम्ही कोण?"

"म्या तवनाप्पा चौगुले. दावा माझाच हाय, साहेब."

"मग शेडात माल कुणाचा आहे?"

"माझाच की," अण्णा पडेल आवाजात म्हणाले. "आज सकाळीच टाकलाय. शुक्करवारी शेड पाडलं तर ते भरून न येणारं नुकसान माझंच हुतंय."

कोर्टात खसखस पिकली. पट्टेवालासुद्धा भिंतीकडं तोंड करून हसला. साहेबांनी चेहरा सरळ ठेवला, पण त्यांनाही ते जड गेलं. "पंधरा दिवसांत बेदाणा तयार होईल. मग पुन्हा पाडा म्हणाल. रोज नवा अर्ज मी ऐकणार नाही. स्थगिती द्यायची तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत देईन. हरकत आहे?"

वकिलांनी अण्णांची बाही ओढली. अण्णांनी अकिलाकडं बघितलं. ती फोटो घेऊन सरळ साहेबांपुढं जाऊ शकली असती, आणि गेली नाही, हे त्यांना कळलं होतं.

"बाही सोडा वो," ते वकिलांवर खेकसले. "साहेब, बेदाणा ह्या पोरीच्या हातचाच चांगला हुतोय. माझी हरकत न्हाई."

अकिलाला एकदम रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही आलं.

दोघं एकाच एसटीनं परत आले. शेडात इलाही आणि अक्का द्राक्षं द्रावणात बुडवून रॅकवर पसरत होते. अण्णांनी बाह्या वर सारल्या आणि तेही कामाला लागले. दिवस कलला तशी अक्का म्हणाली, "आवं, दिवस बुडायच्या आत जेवून घ्या. डबा आणलाय." घर गाठेपर्यंत अंधार पडला असता, आणि अण्णा पडले जैन, दिवे लागल्यावर त्यांनी आजवर घास घेतला नव्हता. ते पश्चिमेच्या खांबांपाशीच पालथ्या क्रेटवर बसले. डोक्यावरच्या रॅकवर त्यांचीच द्राक्षं निथळत होती.

अकिलानं तांब्या भरून आणला आणि तशीच थांबली. "अण्णा, एक इचारू? आता जेवताय ते तुमच्या जागंत, का माझ्या?"

अण्णांनी भाकरी मोडली, घास चावून गिळला आणि तांब्यासाठी हात पुढं केला.

"त्ये अपिलाचा निकाल लागल्यावर बघू," ते म्हणाले. "तवर पाणी दे."