दुकानाचा शेवटचा दिवस

निवृत्तीनंतर वेंडेल टॉफ्टेने कादंबरी लिहायला घेतली आणि टेबलासमोर एक रंगीत तक्ता लावला. त्यात माणसाच्या चौसष्ट भावना होत्या. जन्मभर विम्याचे दावे तपासलेला माणूस. रकाना रिकामा राहिलेला त्याला बघवत नसे. त्यामुळे त्याच्या कादंबरीतले वडील हार्डवेअरचं दुकान कायमचं बंद करताना पाच पानांत संतापले, खचले, हळवे झाले आणि शेवटी ओक्साबोक्शी रडले.

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या वाचनालयाच्या तळघरात दर शनिवारी सकाळी लेखकमंडळ जमे. नियम एकच: आपल्या लिखाणावर चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही. पुढच्या महिन्यातल्या जाहीर वाचनात एकच जागा उरली होती आणि ती वेंडेलला हवी होती. कादंबरीतलं दुकान त्याच्या वडिलांचंच होतं, आणि वडील गेल्याला वर्ष झालं होतं. आई ऐकायला येणार होती.

"या माणसाला सगळं झालं," मंडळ चालवणारा ग्लेन म्हणाला, "भूक तेवढी लागायची राहिली."

सगळे हसले. वेंडेलने समोरच्या थाळीतली लिंबाची वडी तोंडात कोंबली. नियम पाळायला बरं पडतं.

मग व्हर्ना कोस्केला बोलली. तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि माणसं मागच्या आरशात ओळखायची तिला सवय होती. तिच्या कथांत कोणी रडत नसे. वाचणाऱ्याचं मात्र काही खरं नसे.

"रडू आलेलं पोर मला आरशात कधी रडताना दिसलं नाही," ती म्हणाली. "ते शेजारच्याला चिमटे काढायचं, नाहीतर घसा फाडून गाणं म्हणायचं. तुझे वडील असे रांगेत दुःख करत बसले असतील, हे मला नाही पटत बाबा. खरं काय करत होते?"

"लेखक बोलणार नाही," ग्लेनने आठवण करून दिली.

"मी कुठे बोल म्हणतेय? कान बघ त्याचे, लाल झालेत."

वेंडेलने वडी गिळली. "विनोद सांगत होते. दिवसभर, तेच तेच. चाळीस वर्षांचं दुकान बंद होतंय आणि हा माणूस शीळ घालतोय. मला लाज वाटत होती. आईला वाटेल, त्यांना काही वाटलंच नाही. म्हणून नाही लिहिलं."

ग्लेन काही म्हणणार, तेवढ्यात व्हर्नाने त्याच्यापुढे वड्यांची थाळी सरकवली.

"थांबले कधी?"

"शेवटच्या बाईला एकच बिजागरी हवी होती. आम्ही जोडीच विकायचो, कोणी कितीही विनवलं तरी. त्या दिवशी त्यांनी जोडी फोडली." वेंडेलने बोटांना लागलेली साखर पुसली. "नंतर एकही विनोद सांगितला नाही."

"हे लिही," व्हर्ना म्हणाली. "आणि विनोद एकही गाळू नकोस."

जाहीर वाचनाच्या दिवशी आई व्हर्नाशेजारी बसली होती. पहिल्या विनोदाचा शेवट तिने वेंडेलच्या आधीच मोठ्याने सांगून टाकला. बिजागरीपाशी मात्र तिचं हसू थांबलं.

"हे यांनी मला कधी सांगितलं नाही," ती पुटपुटली.

"मग काय सांगितलं होतं?" व्हर्नाने विचारलं.

"त्या रात्री घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, आज गिऱ्हाईक चांगलं होतं."