हललं कोण?

कात्रीकाकांच्या सलूनच्या दारावर पाटी लागली, 'दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही', आणि गल्लीत त्याच विषयाचा कीस पडू लागला.

"दुकान त्यांचं, मर्जी त्यांची," बेकरीवाला म्हणायचा. "पोरं खुर्चीत बसली की अर्धा तास भोकाड. ते आपण का ऐकायचं?"

निवृत्त पोस्टमनना हे मुळीच पटत नव्हतं. "आज पोरं नकोत, उद्या आमच्यासारखे म्हातारे नकोत. आणि हे कात्रीकाका काय दाढीमिशांसकट जन्माला आले होते?"

कात्रीकाका हसून वेळ मारून नेत. पोरं फार वळवळतात, एवढंच सांगत. खरं कारण फक्त त्यांना ठाऊक होतं. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. मोठ्यांचं मशीनवर भागून जाई. दाढ्या तर त्यांनी पाठदुखीचं निमित्त काढून बंदच केल्या होत्या. पण लहान मुलांच्या कानामागे ते कात्रीच चालवत, आणि सहा महिन्यांपूर्वी तिथंच घात झाला.

समोर शिवणकाम करणाऱ्या शिवणताईंची सात वर्षांची लेक खुर्चीवरच्या फळीवर बसली होती. गल्ली तिला भिंगरी म्हणते. कात्री कानाला लागली, रक्त आलं. "हललीस ना? शंभरदा सांगितलं, हलू नकोस म्हणून!" असं म्हणत आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पोरीचं नावच भिंगरी, मग शंका कोण घेणार? कात्रीकाकांनी तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी पाटी आली. चूक एका हाताची आणि बंदी गल्लीभरच्या पोरांना, असा हा न्याय!

एका रविवारी दुकान भरलेलं असताना शिवणताई भिंगरीचा हात धरून आत आल्या. पोरीचे केस डोळ्यांवर आले होते.

"काका, पाटी वाचलीय मी. पण एवढ्या वेळेला कापाच," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे यायला ही तयारच नाही. सगळी पोरं हिला म्हणतात, तुझ्यामुळं आपल्याला बंदी झाली. रोज डोक्यावर पुस्तक ठेवून आरशासमोर बसते. न हलायची प्रॅक्टिस!"

"मला आता वीस मिनिटं बसता येतं," भिंगरी म्हणाली. "बघा हवं तर."

कुणी काही म्हणायच्या आत ती खुर्चीत चढून बसली. मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले, श्वाससुद्धा रोखलेला. एवढंसं लेकरू दगडासारखं बसलं होतं. कात्रीकाकांना अजूनही सुटका होती. नियम म्हणजे नियम, असं म्हटलं की विषय संपला, दुकान शाबूत आणि अब्रूही शाबूत. तीस-तीस वर्षांची जुनी गिऱ्हाइकं बाकावर बसून बघत होती. हात थरथरतो हे कळल्यावर उद्या यातलं कोण मान पुढे करणार होतं?

त्यांनी कंगवा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा हात पुढे धरला. कंगवा थरथरत होता.

"तू हलली नव्हतीस, बाळा," ते म्हणाले. "माझा हात हलला होता. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला लाज वाटली, म्हणून तुला मार खाऊ दिला."

शिवणताई लेकीच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"डॉक्टरला दाखवलंत का?" पोस्टमननी हळूच विचारलं. एरवी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

"नाही," कात्रीकाका म्हणाले.

"उद्या सकाळी मी येतो बरोबर."

भिंगरी मात्र अजून तशीच ताठ बसली होती. तिनं आरशातूनच काकांकडे पाहिलं.

"मग मी आता हलू?" तिनं विचारलं.