आधी विभूती, मग साखर

"माती! नुसती माती लागतेय!"

पहिल्या रांगेतला एक धट्टाकट्टा माणूस जीभ बाहेर काढून ओरडला आणि गच्च भरलेल्या हॉलमध्ये एकदम कुजबुज उठली. त्याच्या जिभेवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चमचाभर साखर ठेवली होती. पांढरीशुभ्र, दुकानातली, तुमच्याआमच्या घरात असते तीच. आणि हा गडी म्हणत होता, माती!

"पाहिलंत?" रसनाबाबांनी हात वर केला. "साखर तीच, माणूस तोच. मग गोडी गेली कुठे? जीभ बांधलेली आहे, लेकरांनो! जिभेला सात गाठी असतात. पहिली जन्माची, दुसरी नजरेची, तिसरी भाऊबंदांची..."

उरलेल्या चार कसल्या, ते बाबा कधी सांगत नसत. ते कळायला पुन्हा यावं लागे.

बाबांचं काम टापटिपीचं होतं. जटा नाहीत की चिलीम नाही. फिक्या रंगाचा इस्त्रीचा सदरा, कॉलरला माईक आणि पाठीमागे जिभेचं भलंमोठं रंगीत चित्र. आधी भक्ताच्या जिभेवर हिरवट विभूती चोळायची, त्यानं तोंड मिटून जरा वेळ डोळेही मिटायचे, मग साखर. साखरेची माती झाली की गाठ सापडली. मग सगळ्यांनी बसून तासभर जप करायचा, अधूनमधून कोमट पाणी प्यायचं. शेवटी पुन्हा साखर. ती गोड लागली की गाठ सुटली! माणसं रडायची, एकमेकांच्या गळ्यात पडायची. खाण्यापिण्याची तक्रार नाही असं घर कुठे असतं? कुणाचा मुलगा भाजी थुंकतो, कुणाच्या म्हाताऱ्याला अन्न जात नाही. हॉल भरायला काय उशीर!

चौथ्या रांगेत चेकरबाई बसली होती. शर्टांच्या कारखान्यात ती तयार माल तपासायची, म्हणून सगळे तिला चेकरबाईच म्हणायचे. पाचवा महिना लागला होता आणि चेहरा मात्र चुना फासल्यासारखा. शेजारी तिची मैत्रीण, शर्टांना बटणं लावणारी बटणवाली. तीच तिला इथे घेऊन आली होती. दोघी एकाच दिवशी कारखान्यात लागल्या, तेव्हापासून एका बाकावर डबा खात होत्या.

बाबा चेकरबाईसमोर येऊन थांबले. डोळे मिटले.

"एक खोली दिसतेय. दाराला बाहेरून कडी. आत एक लहान मुलगी, पुढ्यात भाजीचं ताट. ताट रिकामं झाल्याशिवाय दार उघडणार नाही, असं कुणीतरी सांगून गेलंय. संध्याकाळ झाली तरी मुलगी तशीच बसून आहे."

चेकरबाईनं दचकून वर पाहिलं. ही गोष्ट तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

"तुझा दोष नाही गं बाळा," बाबा म्हणाले. "तुझी जीभ बांधली कुणी, आणि बोल तुला लागतात."

असं तिला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. ती भर हॉलमध्ये हुंदके देऊन रडली. बटणवालीनं तिचा हात दाबला. "सांगितलं नव्हतं मी तुला?"

चेकरबाईचं खाणं म्हणजे भात, पाव, उकडलेला बटाटा आणि केळं. संपली यादी. केळ्यावर काळा ठिपका दिसला तर तेही बाद. हिरवं काही ताटात आलं की तिचा घसा आवळायचा. लोकांना हा नखरा वाटे. लग्नात, नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीत, जिथे जाईल तिथे तिच्या ताटाची चर्चा. सासूबाई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सुनेला कागद वाढला तरी चालेल, पांढरा असला म्हणजे झालं!"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तेव्हा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. रक्त फार कमी होतं. बाळाला आणि तिला, दोघांनाही धोका. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "रोज ताटात मटारच्या दाण्याएवढं काहीतरी नवं ठेव. खाल्लंच पाहिजे असं नाही. वास घे, जिभेला लाव, नाहीच जमलं तर टाकून दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेव. सवय व्हायला वेळ लागतो."

मटारच्या दाण्याएवढं! इतक्या वर्षांचं दुखणं आणि औषध हे एवढंसं? चेकरबाईला ते पटलं नाही. बाबांचं कसं, एका तासात गाठ सुटत होती.

त्या दिवशी तिच्याही जिभेवर साखरेची माती झाली आणि तासाभरानं पुन्हा साखर झाली. एक गाठ सुटली, सहा राहिल्या. बाबांनी घरी जिभेला लावायला विभूतीच्या पुड्या दिल्या आणि पथ्यही सांगितलं. "गाठी सुटेपर्यंत जीभ कोरी ठेवायची. पांढरंच खायचं. भाजी, डाळ, अंडी, फळं, सगळं बंद. आणि त्या लोहाच्या गोळ्या तर बिलकुल नकोत. लोखंडाला काय चढतं?"

"गंज!" हॉल ओरडला.

"मग जिभेला काय चढेल?"

"गंऽऽज!"

असं पथ्य कुणाला आवडणार नाही? आयुष्यभर ज्यासाठी बोलणी खाल्ली, तेच आता औषध झालं होतं. चेकरबाईनं गोळ्या कपाटात साड्यांखाली सारल्या आणि निर्धास्तपणे भात-बटाटा खाऊ लागली.

पुढच्या तपासणीच्या आधीच ती कारखान्याच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. कठडा हाताशी होता म्हणून बसल्या जागी घसरली, नाहीतर काय झालं असतं सांगवत नाही. निरोप मिळताच सासूबाई तिला घेऊन दवाखान्यात धावल्या. रक्त आणखी खाली गेलं होतं.

"गोळ्या घेतेस ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

चेकरबाईनं नकारार्थी मान हलवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सासूबाई कपाळाला हात लावून ऐकत राहिल्या. डॉक्टरीणबाई रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त पाण्याचा पेला पुढे केला.

"एका वेलीचा पाला असतो," त्या म्हणाल्या. "चघळला की जिभेला काही वेळ गोड कळत नाही. बाकी चवी कळतात, गोड तेवढं जातं. तासाभरात आपोआप परत येतं. तुझी विभूती म्हणजे त्याच पाल्याची पूड असावी असा माझा संशय आहे. पण मी म्हणते म्हणून मानू नकोस. तू तपासण्याचंच काम करतेस ना? मग तपास. फक्त स्वतः खाऊ नकोस. पोटात बाळ असताना असलं काही नको."

शर्ट हातात आला की चेकरबाई तो आधी उलटा करायची. कारण शिवणाऱ्याला चूक लपवायची असली की तो ती आतल्या बाजूला लपवतो. घरी आल्यावर तिनं बाबांचा चमत्कारही तसाच उलटा करायचं ठरवलं. बाबा आधी विभूती देतात आणि मग साखर. समजा, आधी साखर दिली तर?

"आई, जरा जीभ देता का?"

"माझी जीभ तर तुला नकोशीच असते," सासूबाई म्हणाल्या आणि पदर खोचून पुढ्यात बसल्या. त्यांना खाण्यातलं काहीही वर्ज्य नव्हतं. त्यांची जीभ बांधलेली आहे असं म्हणायची छाती कुठल्याच बाबाला झाली नसती.

आधी साखर. "गोड."

मग जिभेवर पूड. सासूबाईंनी तोंड वेडंवाकडं केलं. मग पुन्हा साखर.

सासूबाईंचे डोळे विस्फारले. "अगं बाई! वाळू! वाळू खाल्ल्यासारखं होतंय!"

"आता मीठ घ्या."

"खारट आहे की. चांगलं खारट आहे!"

जप नाही, कोमट पाणी नाही. सासूबाईंनी भांडी घासली, ओटा पुसला, शेजारणीशी गप्पा मारल्या आणि येऊन पुन्हा साखर तोंडात टाकली. गोड लागली! जी गाठ बाबा सोडवत होते, ती तेच बांधत होते.

चेकरबाईला हसू आलं, आणि त्याच वेळी तिचं लक्ष हातातल्या पुडीकडे गेलं. इतके दिवस ती घाईघाईत फाडून टाकायची. आज नीट पाहिली. शर्टाच्या आत जादा बटण घालून अडकवतात ती चिमुकली प्लास्टिकची पिशवी, त्यांच्याच कारखान्यातली. तोंडाला पांढरा दोरा गुंडाळलेला. तीन वेढे आणि टोक आत खुपसलेलं.

माणसाचं अक्षर ओळखावं तसा चेकरबाई शिवणाऱ्याचा हात ओळखायची. बटण लावून झालं की त्याच्याखालच्या दोऱ्याभोवती असे तीन वेढे घेऊन टोक आत खुपसणारी कारखान्यात एकच बाई होती.

आणि मग बाकीचंही आलंच. ती कडी लावलेली खोली. ते ताट. एका दुपारी डबा खाताना, बटणवालीनं आपल्या डब्यातली भाजी आग्रहानं वाढली तेव्हा, रडू आवरेना म्हणून चेकरबाईनं ती गोष्ट तिला सांगितली होती. तिला एकटीला.

बाबांनी फसवलं याचा राग होता, पण बाबा कोण लागत होते? परक्या माणसानं फसवलं तर माणूस चार शिव्या घालतो आणि सुटतो. इथे शिवी तोंडातून फुटेना.

पुढच्या सभेला ती सासूबाईंना घेऊन गेली. बटणवाली पुड्यांचं तबक घेऊन बाबांच्या मागे उभी होती. मैत्रिणीला पाहून ती हसली. चेकरबाई हसली नाही.

सासूबाईंचा नंबर आला. बाबांनी विभूतीची चिमूट उचलली.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "आधी साखर द्या."

"आधी विभूती, आजी."

"का? आधी का?"

"परंपरा आहे."

"असू दे की. माझी जीभ जन्मापासून बांधलेली असेल तर साखर आत्ताही मातीच लागेल. द्या बघू!" आणि वाट न बघता त्यांनी वाटीतली साखर उचलून तोंडात टाकली. "गोड आहे हो!"

पाठीमागून कुणीतरी हसलं. बाबांचा चेहरा लाल झाला. "शंका घेणाऱ्याची गाठ सात जन्म सुटत नाही!"

"मग मोजा जन्म," म्हणून सासूबाईंनी साखरेची वाटीच उचलली आणि रांगेत फिरवली. एकानं बोट बुडवलं, दुसऱ्यानं बुडवलं. गोड. गोड. गोड. साऱ्या रांगेत एकाचीही जीभ बांधलेली निघेना.

चेकरबाई उभी राहिली. तिला भाषणाची सवय नव्हती. "ही विभूती एका वेलीच्या पाल्याची पूड आहे. ती जिभेला लागली की थोडा वेळ गोड कळत नाही. तुमची असो, माझी असो, कुणाचीही जीभ असो. जप केला नाही तरी तासाभरानं कळायला लागतं. घरी करून पाहा. आधी साखर खा, मग पूड, मग साखर आणि मीठ. खोटं निघालं तर माझ्या तोंडावर येऊन सांगा. यांच्या नादी लागून मी औषध सोडलं आणि माझं बाळ जाता जाता वाचलं. जो डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला सांगतो, त्याला निदान चार प्रश्न तरी विचारा!"

हॉलमध्ये एकच गलका झाला. पहिल्या रांगेतला तो धट्टाकट्टा गडी बाह्या सरसावून बाबांकडे धावला, तोवर बाबा मागच्या दारानं पसार झाले होते. कॉलरचा माईक चालूच राहिला होता, त्यामुळे जिना उतरतानाची त्यांची धाप सगळ्यांना ऐकू आली. तरीही काही माणसं रांगेत तशीच उभी राहिली. एक बाई तर चेकरबाईवरच चिडली. "आमचं चांगलं चाललं होतं ना!"

बटणवालीनं चेकरबाईला व्हरांड्यात गाठलं.

"तुझं वाईट व्हावं म्हणून नाही गं केलं. ते म्हणाले, तुझ्या ओळखीची माणसं आण, त्यांचं काय दुखतंय ते आधी सांगून ठेव. मला वाटलं, तुलाही बरं वाटेल. रडलीस, मोकळी झालीस. झालीस ना?"

"गोळ्या बंद करायला सांगितलं तेव्हा तू शेजारीच बसली होतीस."

बटणवालीनं हातातलं पुड्यांचं तबक पदराखाली घेतलं.

"ती कडी मी तुला सांगितली होती," चेकरबाई म्हणाली. "हॉलला नाही."

"चुकले. एकदा माफ कर."

"त्या पुडीचा अंमल तासाभरात उतरला. तू केलंस त्याचा उतरत नाहीये गं. मी काय करू?"

तिला खरंच उत्तर हवं होतं.

चेकरबाईनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या. ताटात भाताशेजारी रोज एक दाणा येऊन बसू लागला, कधी गाजराचा, कधी अंड्याचा, कधी उकडलेल्या पालकाचा. पहिले कितीतरी दाणे तिनं टाकून दिले. सासूबाईंनी मुलाला आणि स्वतःलाही दम भरला होता, ताटाकडे कुणी बघायचं नाही. गाजर महिन्याभरानं गळ्याखाली उतरलं. अंडंही पुढे जमलं. पालक अजून जमलेला नाही, पण रक्त चढतंय, आणि डॉक्टरीणबाईंना तेवढं पुरेसं आहे. कारखान्यात मात्र ती डबा एकटीच खाते.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातही ताटातलं निवडून बाजूला काढणारं कुणीतरी असेलच. त्याच्या जिभेला गाठ नसते, सवय नसते इतकंच, आणि सवय लावून घ्यायला दाण्यादाण्यानं वेळ लागतो. त्याची टिंगल करू नका, दाराला कडी घालू नका. त्याला काय होतं ते घरात बसून, शांतपणे, त्यालाच विचारा. तुम्ही विचारलं नाहीत, तर त्याचं दुःख ऐकायला कॉलरला माईक लावून कुणीतरी बसलेलंच असतं.