चंदेरी रंगाखालचा ब्लॉक

मित्रांनो, मी एका जुन्या विलायती गाडीच्या इंजिनचा ब्लॉक आहे आणि स्वभावाने पक्का संशयी आहे. ब्लॉक म्हणजे इंजिनचं बिडाचं घर. पिस्टन माझ्या पोटात धावतात, क्रँकचा दांडा माझ्या कुशीत फिरतो आणि आतला सगळा जाळ मी सोसतो. मी तडकलो तर गाडी चालवणाऱ्याचं काही खरं नाही. म्हणून मला निवडायला येणारा माणूस मला उलटापालटा करून पाहतो, आणि मीही त्याला तसाच न्याहाळतो.

मी साहेबाच्या देशात ओतला गेलो. पहिल्या खेपेतला असल्यामुळे माझ्या भिंती चांगल्या जाड आल्या. पुढच्या खेपांना कारखान्याने हात आखडता घेतला म्हणतात. बोटीतून मुंबईला आलो आणि बरीच वर्षं ऐटीत धावलो. लोक बॉनेट उघडून माझी तारीफ करत. मग गाडीचा पत्रा गंजला, मालक परदेशी गेला आणि गाडी भंगारात निघाली. जोगेश्वरीच्या काशीराम मेस्त्रींनी तेवढं मला सोडवून आणलं.

मला वाटलं, हा आता मला वितळवणार. पण त्यांनी मला आपल्या शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर ठेवलं आणि अंगभर तेल चोळलं. "ह्याका कोणतरी शोधत येतलो बघ," असं ते बायकोला, रत्नप्रभाकाकूंना, सांगायचे. दर दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की मला चंदेरी रंगाचा हात मिळे, वर कुंकवाचं बोट आणि झेंडूची माळ. शोधत मात्र कोणी आलं नाही. एके दिवशी काशीरामही गेले. शेड एरवी कुलुपात राहू लागली आणि माझ्यावर धूळ बसू लागली.

काकूंनी मला विकायला काढलं आणि शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर गिऱ्हाइकासाठी कुलूप उघडलं. तीन माणसं आत आली. बोरीवलीचा विद्याधर बँकेत नोकरीला होता, पण जीव सगळा त्याच्या जुन्या गाडीत. आदल्या वर्षी शर्यतीत तिचा ब्लॉक फुटला आणि उकळतं तेल त्याच्या पायावर उडालं. अजून तो लंगडत होता. तरी हौस फिटली नव्हती. जानेवारीच्या शर्यतीसाठी त्याला पहिल्यापेक्षा जोरदार इंजिन बांधायचं होतं. सोबत घाटकोपरचा मेकॅनिक भाऊराव होता आणि विद्याधरची बायको शुभा. ब्लॉक स्वतः पाहिल्याशिवाय नवऱ्याला गाडीत बसू देणार नाही, असं तिने बजावलं होतं.

भाऊरावने मला हातोडीने हळूच ठोकलं. "आवाज खणखणीत आहे. भिंती पण झकास. पण वहिनी, रंग मारलाय ना."

शुभाने नखाने रंग खरवडला. "हा तर नवा दिसतोय. काकू, काका जाऊन दोन वर्षं झाली ना? मग रंग कोणी मारला?"

रत्नप्रभाकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी नजर माझ्यावरून बाजूला वळवली.

"विकायला काढल्यावर मारला असेल," विद्याधर कुजबुजला. "तडा बुजवायचा आणि वरून रंग. चल यार भाऊ, तुझ्या गॅरेजात दलालाने आणलेला ब्लॉकच घेऊ. तो बिनरंगाचा, उघडा आहे, लपवण्यासारखं काही नाही."

रंग कोणी मारला हे मला ठाऊक होतं. पण ब्लॉकला तोंड नसतं. मला त्या विद्याधरचा भयंकर राग आला.

"थांब रे," शुभा म्हणाली. "रंगाखाली काय आहे ते बघू तरी दे."

"काढा रंग," काकू म्हणाल्या. "माका काय लपवूचा नाय. पण माझ्यासमोर काढा."

भाऊराव पत्र्याच्या पट्टीने खरवडू लागला. रंगाखाली पुन्हा रंग निघाला. "बघ, थरावर थर," विद्याधर पुटपुटला. त्याखालच्या थरावर मात्र एक लाल ठिपका होता. त्याच्याखाली पुन्हा रंग, पुन्हा ठिपका. भाऊरावचा हात मंदावला.

"हे कुंकू आहे, वहिनी."

शुभा वाकून बघत राहिली. "दसऱ्याचं ना, काकू? मग वरच्या दोन थरांवर का नाही?"

"ते आसताना ते लावीत," काकू म्हणाल्या. "ते गेले म्हणून दसरो चुकवूक नाय मी. रंग दिलंय. पण कुंकवाक माझो हात कसो चलतलो?"

विद्याधरने मान खाली घातली. मला काकूंसाठी फार वाईट वाटलं. शुभाचेही डोळे भरले, पण बाई हुशार. तपासायचं तिने सोडलं नाही. भाऊरावला तिने माझ्या उघड्या अंगावर रॉकेल चोळायला लावलं, ते कोरडं पुसून वर खडूची पूड फासायला लावली. कुठे तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि खडूवर रेघ उमटते. माझ्यावरचा खडू पांढराच राहिला.

सौदा ठरला आणि मला टेम्पोत घालून घाटकोपरला नेलं. तिथे तो दुसरा ब्लॉक घासूनपुसून बसला होता.

"आता याला पण खडू लावा," शुभा म्हणाली.

"वहिनी, तो तर उघडाच आहे."

"म्हणून तर कोणी तपासला नाही."

रॉकेल चोळून, पुसून खडू लावला. थोड्या वेळाने क्रँकच्या बैठकीपाशी एक बारीक काळी रेघ उमटली. विद्याधर आधी त्या रेघेकडे आणि मग स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. भाऊराव म्हणाला, "वाट लागली असती रे."

जानेवारीत मी धावलो. पहिला नंबर काही आला नाही, पण विद्याधर गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरला. शुभाने तेवढंच पाहिलं.

पुढच्या दसऱ्याला गॅरेजात पूजा होती. शुभा स्वतः जोगेश्वरीला जाऊन काकूंना घेऊन आली. बॉनेट उघडलं. भाऊराव कुंकवाचा करंडा शुभाकडे देऊ लागला, तर तिने तो काकूंच्या हातात ठेवला.

"काकू, तुम्ही लावा."

काकू मागे सरल्या. आजूबाजूच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मला वाटलं, संपलं, आता ही बाई फिरणार माघारी. पण त्यांचं बोट पुढे आलं. ते कुंकवात बुडालं. माझ्या अंगावर त्यांनी ते टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

मित्रांनो, जुनी वस्तू घेताना खुशाल ठोका, खरवडा, खडू लावा. मी रागावणार नाही. मी स्वतः कुठे कोणावर चटकन विश्वास ठेवतो? पण खरवडल्यावर खाली जे सापडेल तेही नीट पाहा, आणि ज्यांनी ती वस्तू सांभाळली त्यांना विसरू नका.

आता मला रंग देत नाहीत. गाडी चार फेऱ्या मारून आली की मी तापतो आणि कुंकू करपून काळं पडतं. मग दसऱ्याला काकू येतात आणि नवं लावतात.